दादाला मी पडू दिलं नाही

हे मी त्या घरांसाठी लिहिते आहे जिथे एखादा धडधाकट माणूस हळूहळू आपल्याच घरात पाहुणा होत चालला आहे. यात औषधांची नावं नाहीत, ती डॉक्टर लिहून देतात. यात बरं होण्याची गोष्टही नाही, कारण माझा भाऊ बरा होणार नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना धीर हवा आहे त्यांनी तो दुसरीकडे शोधावा.

माझ्या भावाचं नाव गजानन. रायपूरच्या बूढापाऱ्यात सगळे त्याला गज्जू भैया म्हणतात, मी दादा म्हणते. वय एक्केचाळीस, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. तो व्यावसायिक मुक्केबाज होता, हेवीवेट. वर्षानुवर्षं डोक्यावर बसलेल्या ठोशांनी त्याचा मेंदू खराब झाला आहे. त्यातले शेवटच्या तीन वर्षांतले ठोसे टाळता आले असते. ते त्यानं टाळले नाहीत, कारण मी टाळू दिले नाहीत.

मला दया नको. तुमच्या घरात माझ्यासारखी कुणी असेल तर तिनं वेळेवर गप्प बसावं, एवढंच हवं आहे.

पत्रकं

आजोबा वर्ध्याकडून रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आले. बाबा वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होते आणि युनियनचे होते. आमच्या घरात गोष्टीची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. गुलाबी, पिवळा, स्वस्तातला कागद, बोटाला लागणारी शाई. ‘कामगार बंधूंनो’ हे मी जुळवून वाचलेले पहिले दोन शब्द. कोऱ्या पाठीवर मी गणितं करायची आणि आई तेच कागद फडताळात डब्यांखाली अंथरायची.

एका संपानंतर सगळ्यांकडून माफीनाम्यावर सह्या घेतल्या गेल्या. बाबांनी सही केली नाही. एकोणीस महिने ते घरी बसले. मी तेव्हा तीन वर्षांची होते, त्यातलं मला काहीच आठवत नाही, फक्त त्याची गोष्ट आठवते. आमच्या घरी ती देवाच्या गोष्टीसारखी सांगितली जायची. बाबांनी सही केली नाही. बाबा वाकले नाहीत. बाबा गेले तेव्हा मी बारावीत होते, आणि त्यांच्यामागे मला जे काही मिळालं ते हेच.

त्या एकोणीस महिन्यांत दादानं कॉलेज सोडलं आणि धान्याच्या गोदामात पोती उचलायला जाऊ लागला. तिथेच पुरानी बस्तीत मुक्केबाजीचा आखाडा चालवणाऱ्या एका उस्तादांनी त्याचे खांदे पाहिले. बाबांच्या न केलेल्या सहीतून दादाची मुक्केबाजी निघाली, असं मी अभिमानानं सांगायची.

हरण्यासाठी बोलावणं

हा धंदा कसा चालतो ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

प्रमोटरकडे एक नवा पोरगा असतो. त्याला मोठं करायचं तर त्याच्या नावावर विजय हवेत. त्यासाठी समोर असा माणूस लागतो जो पोस्टरवर भीतीदायक दिसेल, ज्याचं कधीकाळी नाव होतं, आणि ज्याचे हात आता मंद झाले आहेत. आपल्याकडे एवढ्या वजनाचे मुक्केबाज मुळात कमी, त्यामुळे पस्तिशी ओलांडलेल्या हेवीवेटचा फोन वाजत राहतो. त्याला वाटतं, अजून मागणी आहे. मागणी असतेच, त्याच्या हरण्याला.

पहिली लढत तो इंदूरला हरला, गुणांवर. हसत घरी आला. दुसरीत भुवई फाटली. तिसरीत खाली गेला, उठला, आणि पंचांनी लढत थांबवली. परत आल्यावर उस्तादांनी त्याला समोर उभं केलं, डोळ्यापुढे बोट हलवलं आणि म्हणाले, "गज्जू, मुक्का पहले आ रहा है, तेरी आँख बाद में आ रही है. अब बस कर."

दादानं ऐकलं नाही. उस्ताद म्हणाले, "तो फिर मैं कोने में नहीं रहूँगा." आणि खरंच राहिले नाहीत.

मग कोपऱ्यात मी गेले. प्रत्येक गावात भाड्यानं एक जाणता माणूस मिळायचा, तो जखम बघायचा. स्टूल, बादली, बर्फ आणि दादाच्या तोंडातलं दातांचं रबर माझ्याकडे. दोन राउंडच्या मधलं एक मिनिट तो माझ्याकडे बघायचा. त्या एका मिनिटात त्याचं जग म्हणजे मी होते. हे मला फार आवडायचं, हेही लिहून ठेवते.

नागपूरजवळचं लॉन

चौथी लढत नागपूरबाहेरच्या एका लग्नाच्या लॉनवर होती. जिथे नवरानवरी बसतात तिथे रिंग लावली होती, आणि आदल्या लग्नाची फुलांची कमान तशीच होती. दुपारी वजन झालं. मग प्रमोटर आमच्या खोलीत आला, पलंगावर बसला आणि अगदी घरच्यासारखं बोलला.

"गज्जू भैया, चौथे राउंड के बाद एक अच्छा सा खाके बैठ जाना. लड़के का रिकॉर्ड बन जाएगा, आपका सिर भी बचेगा. पैसा उतना ही."

मी उभी राहिले. "आपको शर्म नहीं आती?"

"दीदी, शर्म से टूटी नाक नहीं जुड़ती," तो म्हणाला. रागावलाही नाही. चहाचा कप ठेवून निघून गेला.

दादा हाताला पट्टी गुंडाळत बसला होता. तो म्हणाला, "खरं सांगू का मंजू? मले पडायचं काही नाही वाटत. पडतो, उठतो, घरी जातो. दुलारीनं फरा करून ठेवला असंन."

दुलारी म्हणजे माझी वहिनी. फरा म्हणजे तांदळाच्या पिठाचे वाफवलेले लांबट गोळे, दादाच्या जिवाचे.

"अन् बाबा?" मी म्हटलं.

"बाबा कुठं पाहून राहिले?"

"मी पाहून राहिली ना."

त्यानं पट्टीची गाठ दातानं ओढली. मग हसला. "तू तर बाबाच्याही वरची निघाली बे. बरं. नाही पडत. खुश?"

मी खुश होते. खोटं कशाला लिहू? मला वाटलं, सही न करण्याचा आमच्या घरातला दुसरा प्रसंग मी आज घडवला.

लढत आठ राउंडची होती. चौथ्यानंतर तो स्टुलावर येऊन बसला तेव्हा त्याचा डावा डोळा बंद झाला होता. मी रबर काढलं, लाल लाळेची तार लांबली. भाड्याच्या माणसानं खांद्यावरचा टॉवेल हातात घेतला आणि मला विचारलं, "दीदी, रोक दूँ?" मी म्हटलं, "नहीं." सहाव्यानंतर दादा चुकून दुसऱ्याच्या कोपऱ्यात गेला. तिथे उभा राहून स्टूल शोधू लागला. लोक हसले. मीही हसले. मला वाटलं, पोराची टिंगल करतो आहे.

आठवा संपला तेव्हा तो उभा होता. तिन्ही पंचांनी त्याच्याविरुद्ध गुण दिले. पण लॉनवरचे लोक खुर्च्यांवरून उठले आणि हरलेल्या माणसासाठी टाळ्या वाजवल्या. त्या पोरानं दादाला मिठी मारली आणि कानात म्हणाला, "भैया, गिरे क्यों नहीं?" हे दादानं मला गाडीत सांगितलं. आम्ही दोघं त्यावर खूप हसलो.

लेख

गाडीतच मी फोनवर लेख लिहिला. दादा समोरच्या बर्थवर सुजलेल्या तोंडानं झोपला होता. ‘उभा राहून हरलेला माणूस’ असं नाव दिलं. विकला न गेलेला मुक्का, विकली न गेलेली सही, सगळं त्यात होतं. एका छोट्या पाक्षिकानं छापला, कुणीतरी त्याचं हिंदी केलं, आणि तो खूप फिरला. मी समता कॉलोनीत एका छपाईच्या दुकानात टाइपसेटिंगचं काम करते. तिथे त्याचं लॅमिनेशन केलं आणि बैठकीत भिंतीवर लावलं. दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा.

मग फोन जास्त वाजू लागला. आता प्रमोटर नाव घेऊन विचारायचे, "वो जो गिरता नहीं, वही वाला चाहिए." पहिल्या मिनिटाला पडणारा म्हातारा प्रेक्षकांना नको असतो. पूर्ण वेळ उभा राहून मार खाणारा हवा असतो. तो असा आहे ही जाहिरात मी लिहिली होती, फुकट, तळमळीनं, शुद्धलेखन दोनदा तपासून.

त्यानंतर पाच लढती झाल्या. पाचही हरला. एकही विकली नाही. पाचही वेळा कोपऱ्यात मी होते.

गल्ली

सुरुवात कशी झाली ते लोक विचारतात. सुरुवात अशी नसते. दादा एकच गोष्ट दिवसात तीनदा सांगू लागला, आम्ही म्हटलं वय. चहाचा कप बशीवर वाजू लागला, आम्ही म्हटलं थकवा. वहिनीनं भाजीत मीठ जास्त टाकलं म्हणून त्यानं ताट भिंतीवर फेकलं. पंधरा वर्षांच्या संसारात त्यानं आवाजही चढवला नव्हता. तेव्हा आई म्हणाली, "खेळ सुटला का मरदाले असंच होते."

एकदा दुपारी तो दूध आणायला गेला तो आलाच नाही. मी शोधत गेले. बूढा तालाबाच्या बाजूला, आमच्या घरापासून तीन गल्ल्यांवर तो स्कूटर धरून उभा होता. ज्या गल्लीत तो गोट्या खेळला, त्याच गल्लीच्या तोंडाशी. पिशवीतलं दूध उन्हानं नासलं होतं.

"दादा, घरी काहून नाही आला?"

तो हसला. "जाऊनच राहिलो होतो. ते घर कोण्या बाजूनं हाय तेवढं पाहून राहिलो."

घड्याळ

मेंदूच्या डॉक्टर बाईंकडे आम्ही तिघं गेलो, दादा, वहिनी आणि मी. त्यांनी कागद पुढे केला आणि घड्याळ काढायला सांगितलं. दादानं गोल छान काढला, हाताला कंप असूनही. मग बाराचे बारा आकडे उजव्या अर्ध्यात कोंबले. डावी बाजू कोरी राहिली. मान तिरकी करून त्यानं ते पाहिलं. काहीतरी चुकलं आहे हे त्याला कळत होतं, काय ते कळत नव्हतं. आजारपणातला तो चेहरा मला सगळ्यात जास्त छळतो.

मग तीन शब्द सांगितले, चाबी, आम, पुल. पाच मिनिटांनी विचारले. "आम," तो म्हणाला, आणि सवयीनं माझ्याकडे पाहिलं, मिनिटाच्या विश्रांतीत पाहायचा तसं. मी ओठ हलवले.

"दीदी, आप मत बताइए," डॉक्टर म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, "रिंग में कितनी बार बेहोश हुए?"

"एक बार भी नहीं," मी म्हटलं. तेव्हासुद्धा माझ्या आवाजात ताठा होता. "ये गिरते नहीं थे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "वही तो. जो जल्दी गिर जाता है उसको घर भेज देते हैं. जो खड़ा रहता है वो खाता रहता है."

त्यांना आमच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. त्या फक्त माहिती देत होत्या. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

मी विचारलं, याचं पक्कं निदान कधी होईल? त्या म्हणाल्या, जिवंतपणी पक्कं सांगता येत नाही. नंतर मेंदू उघडूनच दिसतं.

दादा इतका वेळ टेबलावरच्या काचेच्या गोळ्याकडे बघत होता. तो म्हणाला, "फिर अभी रहने दो मैडम. पक्का नहीं करना."

डॉक्टर बाईंना हसू आवरलं नाही. आम्ही सगळेच हसलो. त्या दिवशीचं तेवढंच चांगलं.

अकरा दिवस

दोन महिन्यांनी सकाळी दात घासताना त्याला फिटचा झटका आला. एवढा मोठा देह मोरीत अडकला, शेजारच्या चौघांनी उचलला. मग अकरा दिवस वॉर्डात.

सहाला अंग पुसणं, तापमान. सातला दलिया. साडेनऊला मोठे डॉक्टर येणार म्हणून सगळ्या नातेवाइकांना बाहेर काढायचे. मग आम्ही जिन्यात बसायचो, एकमेकांचे रोग पाठ करत. पेशंटजवळ थांबायचा पास एकच होता. तो वहिनी आणि मी दारात एकमेकींच्या हातात द्यायचो, आणि त्या अकरा दिवसांत आमचं बहुतेक बोलणं एवढंच झालं. "पेशाब किया?" "हव." "खाया?" "आधा."

एक सिस्टर होती, केरळकडची, तुटक हिंदी बोलणारी. सुई घेऊन समोरून गेलं की दादाचे दोन्ही हात आपोआप तोंडापुढे यायचे. बाकीच्यांनी त्याचे हात पलंगाला बांधायला सांगितलं. ही म्हणाली, नको. ती मारानं अधू झालेल्या डाव्या डोळ्याच्या नाही, चांगल्या डोळ्याच्या बाजूनं यायची, दुरूनच बोलत यायची, "पहलवान, मैं आ रही, सिर्फ मैं." तो हात खाली ठेवायचा. त्याचे हात बांधले गेले नाहीत. कुणी मला विचारलं की माणुसकी म्हणजे काय, तर मी पत्रकं काढून दाखवणार नाही. मी ती सिस्टर सांगेन.

वजनकाट्यावर मात्र तो खुश व्हायचा. चपला काढायचा, गळ्यातला दोरा काढायचा, ताठ उभा राहायचा. "हेवीवेट में लिमिट नहीं होती सिस्टर," म्हणायचा, "जितना है सब लिख लो." रोज आकडा थोडा कमी असायचा.

तांदळाचा डबा

घरी आलो तेव्हा भिंतीवर लेख नव्हता. तो स्वयंपाकघरात सापडला. वहिनीनं तांदळाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवला होता.

"पानी नहीं लगता इसमें," ती म्हणाली. "अच्छा काम आ रहा है."

मग ती बोलली. लग्नानंतर इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी सलग बोलली. "तुम लोग के घर में कोई बैठता नहीं ना, मंजू? तुम्हारे बाबूजी नहीं बैठे, मेरा आदमी नहीं बैठा. तू वहाँ बाल्टी पकड़ के खड़ी थी, एक बार बोल देती बैठ जा. एक बार. वो मेरी नहीं सुनता था, तेरी सुनता था."

मी आईकडे पाहिलं. मला वाटलं, ती बाबांच्या बाजूनं काही म्हणेल. आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सही तुह्या बापानं नाही केली, नाव त्यायचं झालं. एकोणीस महिने शिलाई मशीन म्या चालवली. पाठ माही गेली. ते कोण्या पत्रकात नाही आलं."

मी सत्तावीस वर्षांची आहे. बाबांच्या त्या गोष्टीत मशीनही होती, हे मला त्या दिवशी कळलं.

मी तत्त्वं सोडलेली नाहीत. लढती विकणारे अजूनही चोरच आहेत, आणि म्हाताऱ्या मुक्केबाजांना पोरांपुढे टाकणारा हा धंदा बंद व्हायला हवा, हे मी आजही सह्यांची मोहीम काढून सांगेन. पण आता मला एक फरक कळतो. बाबांनी स्वतःच्या पोटावर तत्त्व पाळलं, असं ते समजत होते. मी तर दुसऱ्याच्या डोक्यावर पाळलं.

जे उपयोगी पडलं

तुमच्या घरी हे असेल तर काही गोष्टी. खिशात नाव, पत्ता आणि फोन लिहिलेली चिठ्ठी शिवून टाका, नुसती ठेवू नका, काढून टाकतात. ‘आठवतं का?’ असं विचारू नका. त्या प्रश्नानं माणूस रोज नापास होतो. गॅसची कळ बाहेरून बंद करता येईल असं बघा. सत्काराला बोलावणाऱ्यांना नाही म्हणा. एका मंडळानं दादाला शाल दिली, माइक दिला, आणि तो तीनशे लोकांपुढे स्वतःचं नाव विसरला. त्यांनी त्याचा व्हिडिओ काढला.

जी बाई रात्रंदिवस त्याचं करते तिला आठवड्यातून एक दुपार घराबाहेर पाठवा. वहिनी पहिल्या दुपारी कुठे गेली माहीत आहे? तालाबाच्या कठड्यावर जाऊन बसली. चार तास. परत येऊन म्हणाली, "बैठे थे बस."

आणि चुकलं असेल तर ते माणसाला कळतं आहे तोवर सांगून टाका. मी उशीर केला.

जेवताना

गेल्या उन्हाळ्यापासून दादा एक प्रश्न विचारतो. दर तीन-चार दिवसांनी, दुपारी जेवायला बसताना. ताट वाढलेलं असतं, हात धुतलेले असतात, आणि तो आवाज खाली आणून मला म्हणतो, "मंजू, ते पडायले सांगून राहिले. चवथ्या राउंडनंतर. काय करू?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी पळी खाली ठेवली. मग मला वाटलं, जगात कुणाला मिळत नाही ते मला मिळालं आहे. तोच माणूस, तोच प्रश्न, आणि उत्तर पुन्हा द्यायची संधी. मी त्याच्या शेजारी बसले, त्याचा हात धरला आणि म्हटलं, "पडून जाय दादा. पड, अन् घरी ये."

त्यानं हात सोडवून घेतला. त्याच्या डोळ्यांत ओळख उशिरा येते, तशी आली.

"हे तू म्हणून राहिली?"

"हो."

"बाबाची पोट्टी असून? तुले लाज नाही वाटत?"

त्यानं ताट सरकवलं. दोन दिवस तो जेवला नाही, माझ्या हातचं नाही, वहिनीच्या हातचंही नाही. वहिनीला म्हणाला, "इसको मेरे कोने से हटाओ."

पुढच्या वेळी वहिनीनं करून पाहिलं. "मैच कैंसल हो गया जी, खा लो." तो रडायला लागला. किसने कैंसल किया, मेरे को बूढ़ा बोल दिया क्या, असं म्हणत अर्धा तास रडला.

मी पुन्हा प्रयत्न केले. त्याला सगळं सांगितलं, डॉक्टर काय म्हणाल्या, मी कशी चुकले, लेख कसा चुकला. माफी मागितली. माझ्या भावाची माफी मी भाताच्या ताटासमोर रडत मागितली. त्यानं सगळं लक्ष देऊन ऐकलं, माझे डोळे पुसले, आणि म्हणाला, "पण काय करू ते सांग ना." आणखी एकदा तो उपाशी उठला.

वजन उतरत होतं. डॉक्टर बाई म्हणाल्या, असं न खाणं चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. त्यानंतरच्या मंगळवारी त्यानं पुन्हा विचारलं. वहिनी शेगडीपाशी उभी होती, माझ्याकडे पाठ करून. ती न वळता म्हणाली, "बोल दे मंजू. उसको जो सुनना है वही बोल दे. खाएगा तो सही."

मी बोलले. "नको पडू दादा. उभा राह्य."

त्याचे खांदे सैल झाले. "मले माहीत होतं," तो म्हणाला. त्यानं ताट जवळ ओढलं, वरण भातात कालवलं आणि सगळं संपवलं.

तेव्हापासून तो विचारतो तेव्हा मी तेच सांगते. आवाज ठाम ठेवावा लागतो, जरासा हलला तरी त्याचा घास हातातच थांबतो. वहिनी तेवढ्या वेळापुरती स्वयंपाकघरात जाते.

आज दुपारीही त्यानं विचारलं. मी म्हटलं, उभा राह्य. त्यानं दोनदा भात मागून घेतला.